सरपण वाहायला जुना ट्रॅक्टर की नवा? दोन्ही वापरतोय, सांगतो

ट्रॅक्टरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, किती एचपीचा? नांगरटीला ठीक आहे हो, पण लाकूड वाहायला एचपी कितीय हे मी सगळ्यात शेवटी बघतो. भरलेली ट्रॉली ओढायला कुठलाही चालू ट्रॅक्टर पुरतो, रडत का होईना ओढतो. ती उतारावर धरून ठेवता येते का आणि ओंडका बाहेर काढताना पुढची चाकं जमिनीवर राहतात का, हे दोन प्रश्न खरे. जुन्या नव्याचा फरक तिथंच पडतो, बाकी सीट मऊ आहे आणि लाईट भारी आहे हे सगळं नंतरचं.

माझ्याकडे दोन आहेत. एक जुना, तीन सिलेंडर, ३५ एचपी, मागच्या चाकांवर चालणारा, पॉवर स्टेअरिंग नाही, सेन्सर नावाची वस्तू नाही. दुसरा नवा, पन्नास एचपीच्या पुढचा, फोर व्हील, कॉमन रेल इंजिन (म्हणजे डिझेल कॉम्प्युटर मोजून सोडतो), तेलातले ब्रेक. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण मग मशीन राहतं बाजूला आणि लोक कंपनीवरून भांडत बसतात.

आधी जुन्याचं कौतुक. झाडांच्या मधून घुसायला याच्यासारखा दुसरा नाही, अंगानं बारीक, वजनाला हलका, जिथं नवा पावसानंतर गेला की हातभर खोल चाकोरी पाडतो तिथून हा नुसता ठसा ठेवून निघून येतो. पोटाखाली लोंबणारे पाइप न् वायरी नाहीत. तोडलेल्या झुडपाचे खुंट वर टोक करून उभे असतात ना, त्यातला एकच खुंट हायड्रोलिकचा पाइप फाडायला पुरतो आणि मग सगळं तेल जमिनीवर, जुन्यात ती भीती जवळपास नाही. डिझेल संपून एअर धरली तरी दोन पाने घ्यायचे, फिल्टरचा बोल्ट सैल करायचा, फीड पंपाची दांडी हातानं मारत राहायची, बुडबुडे यायचे थांबले की बोल्ट आवळायचा आणि सेल्फ मारायचा. लॅपटॉप घेऊन कुणी यायची वाट बघावी लागत नाही.

आणि तसं बघितलं तर आज आपण जे वापरतो त्याचा सांगाडा जुन्यांनीच घालून दिलाय. हॅरी फर्ग्युसन या इंजिनिअरचा तो राखाडी टीई२० ट्रॅक्टर घ्या, १९४६ ते १९५६ मध्ये पाच लाखांच्या वर बनले, अवजार तीन ठिकाणी धरून उचलणारी मागची तीन पॉइंटची लिफ्ट त्यानंच घरोघर पोचवली आणि आजच्या नव्या कोऱ्या ट्रॅक्टरच्या मागंही तीच आहे. पण त्याच टीई२० मध्ये लिफ्टचा पंप पीटीओच्या (मागं जोडलेलं मशीन फिरवणाऱ्या) शाफ्टवर चालतो, म्हणजे क्लच दाबला की चाकं पण थांबली आणि लिफ्ट पण थांबली. नांगराला ते चालून जातं. लाकडाच्या कामात मात्र ओंडका उचलत उचलत थोडं मागं घ्यायचं असतं, तिथं जीव जातो. नंतरच्या जुन्यांमध्ये डबल क्लच आला, अर्धा दाबला की चाकं थांबतात, पूर्ण दाबला की पीटीओ. म्हणून जुना घेणाऱ्यानं हे आधी विचारावं, रंग नंतर बघावा.

आता जुन्याचा धोका, आणि हे जरा सावकाश वाचा. ओंडक्याला साखळी कुठं बांधता यावर सगळं आहे. साखळी खालच्या ड्रॉबारला, ट्रॉली जोडायच्या दांड्याला असेल, म्हणजे मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा खाली, तर ओंडका अडकला की चाकं जागेवर फिरतात किंवा इंजिन बंद पडतं, विषय संपला. तीच साखळी वर टॉप लिंकच्या जागी, म्हणजे लिफ्टच्या वरच्या पॉइंटला अडकवली तर ओंडका अडकल्यावर चाक फिरायच्या ऐवजी ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरायला लागतो. आधी स्टेअरिंग हातात एकदम हलकं लागतं, फिरवलं तरी पुढची चाकं ऐकत नाहीत, मग बॉनेट वर येताना दिसतं आणि तिथून उलटा पडायला सेकंद दीड सेकंद पुष्कळ झाला. "मी पटकन क्लच दाबीन" असं म्हणणाऱ्याला म्हणू द्या, पाय तेवढा फास्ट नसतो. हलका जुना ट्रॅक्टर, पुढं वजन लावलेलं नाही आणि मागं ओला बुंधा, ही जोडी सगळ्यात वाईट. त्यात जुन्याला डोक्यामागं रोल बार, म्हणजे उलटला तर माणूस चिरडू नये म्हणून लावलेली लोखंडी कमान नसतो, स्वीडननं तो नव्या ट्रॅक्टरला १९५९ मध्येच सक्तीचा केला आणि इथं आजही लोक सावलीच्या पत्र्याला रोल बार समजतात. तो पत्रा उन्हाला आहे, उलटलेल्या ट्रॅक्टरला नाही. आणखी एक, रोल बार असेल तरच पट्टा बांधायचा, आणि असेल तर बांधायचाच.

वजनाचा पण अंदाज घ्या, कारण ट्रॉली बघून कळत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास नुसतं पाणी असतं. रचलेल्या कठीण ओल्या लाकडाचा एक घनमीटर सहाशे सातशे किलो सहज भरतो, म्हणजे असे दोन घनमीटर भरले की सव्वा टनाच्या वर लाकूड आणि वर ट्रॉलीचं स्वतःचं लोखंड. टीई२० सारखा छोटा ट्रॅक्टर स्वतःच साधारण तेवढ्या वजनाचा. म्हणजे मागं बांधलेली वस्तू पुढच्यापेक्षा जड. चढाला काही वाटत नाही, उताराला ट्रॉली ढकलायला लागते आणि ट्रॅक्टरला वळवून आडवा करते. म्हणून मी म्हणतो घाई नसेल तर लाकूड तोडल्या जागी फोडून उन्हावाऱ्याला रचून ठेवा, सुकलं की तेच सरपण कमी खेपांत येतं आणि पाणी वाहून आणायचं डिझेल वाचतं.

इथं नवा पूर्ण मार्कांनी पास. ब्रेक दाबला की लागतो, चिखलातून आल्यावर पण लागतो. आणि फोर व्हीलचा खरा फायदा चढाला नाही, उताराला आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. टू व्हीलमध्ये इंजिनचा अटकाव फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो, ती पाल्यावरून घसरली की संपलं, ट्रॅक्टर घसरगुंडीवर. फोर व्हील टाकलं की चारही चाकं धरून ठेवतात. फक्त ते उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचं, गिअर पण वरच लो मध्ये घ्यायचा आणि खाली येईपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांना काय बोलायचं! आणि रोडवर ट्रॉली असताना दोन्ही ब्रेक पेडलना जोडणारी पट्टी लावलेली पाहिजे, नाहीतर घाईत एकच पेडल दाबलं जातं आणि एकाच बाजूचं चाक धरतं. हे जुन्याला पण लागू, नव्याला पण.

पण नव्याची कटकट सांगितली नाही तर रिव्ह्यू अर्धा राहील. सायलेन्सरच्या लाईनीत काजळीचा फिल्टर आहे, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला धूर चांगला तापावा लागतो आणि त्यासाठी इंजिनवर लोड पाहिजे. लाकडाच्या कामात काय होतं, दहा मिनिटं ट्रॅक्टर चालतो आणि मग माणसं ओंडके भरत असताना घुर्र घुर्र करत उभा. फिल्टर भरत जातो आणि बरोबर भरलेली ट्रॉली मागं असताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आता उभं राहून जाळणी करा म्हणून. त्या वेळी सायलेन्सर इतका तापतो की खाली वाळका पाला आणि सालपटं असतील तर पेट घ्यायची पूर्ण सोय. म्हणून दिवा लागला की आधी मोकळ्या मातीच्या जागेवर न्यायचा आणि मग बटण दाबायचं. मी आता माणसं भरत असली की सरळ इंजिन बंद करतो, त्यानं बराच फरक पडला. सर्व्हिसवाल्यांना विचारलं तर म्हणे जास्त लोडवर चालवा. अहो, सरपण आणतोय, नांगरत नाहीये.

दुसरं म्हणजे सीटखालचा स्विच, उठलं की पीटीओ बंद. लाकूड फोडायच्या मशीनला खाली उतरूनच काम करायचं असतं, त्यामुळे पहिल्यांदा डोकं फिरतं, पण उभ्या कामासाठी वेगळी सेटिंग बऱ्याच मॉडेलला असते, ती शोधा. वायर जोडून स्विच बाद करू नका, तो शाफ्ट मिनिटाला ५४० वेळा फिरतो आणि सैल बाही ओढायला त्याला एक फेरा पुष्कळ होतो. बाकी नव्यात इकॉनॉमी पीटीओ असेल तर भारी आहे, तेच ५४० इंजिनच्या कमी रेसवर मिळतात, लाकूड फोडायच्या मशीनला ताकद तशी कमीच लागते, आवाज कमी, डिझेल कमी.

तर माझी वाटणी अशी. झाडीतून ओंडके मोकळ्या जागेवर आणायला जुना, खालच्या ड्रॉबारला साखळी आणि पुढं वजन लावून, सपाटीवर. तिथून पुढं भरलेली ट्रॉली, उतार, रोड, रात्रीची खेप, सगळं नव्याकडं. एकच घ्यायची ऐपत असेल आणि जमीन सपाट असेल तर जुना घ्या, खुशाल घ्या. उतार असेल तर नवा, नाहीतर निदान रोल बार आणि चांगल्या ब्रेकचा मधल्या काळातला.

जुना बघायला गेलात की मालकाला म्हणा आधी इंजिन गार असू द्या, गरम करून ठेवलेला कुठलाही सेल्फला उठतो. लिफ्टवर जड ओझं उचलून इंजिन बंद करा आणि चहा प्या. ओझं जागेवर असेल तर ठीक, कप संपायच्या आत जमिनीला टेकलं तर आतले सील किंवा व्हॉल्व्ह गेलेत. मग दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा, डिफरन्शियल लॉकचा (मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा) पेडल सोडल्यावर परत वर येतो का बघा, आणि ड्रॉबारची पिन काढून भोक बघा. भोक लांबट झालेलं असेल तर त्यानं आयुष्यभर ओव्हरलोड ओढलंय, क्लच आणि गिअरबॉक्सचा खर्च धरूनच भाव करा.