ठाम एजंट की सावध एजंट?

विचारपूर्वक कृती करणाऱ्या सॉफ्टवेअर एजंटची, म्हणजे काय करायचं ते स्वतः ठरवणाऱ्या संगणक प्रोग्रामची, खरी कसोटी योजना आखल्यानंतर लागते. त्याच योजनेला चिकटून राहायचं, की मध्येच थांबून पुन्हा विचार करायचा?

१९९१ मध्ये डेव्हिड किनी आणि मायकेल जॉर्जेफ यांनी हे टाइलवर्ल्ड नावाच्या आभासी पटावर तपासलं. एजंटने खड्डे गाठून गुण मिळवायचे. पण खड्डे मधूनच उगवतात आणि नाहीसेही होतात. ठाम एजंट योजना तडीस जाईपर्यंत फेरविचार करत नाही. सावध एजंट प्रत्येक पावलानंतर सगळं नव्याने तोलतो.

जग संथ असेल तर ठाम एजंट सरस, कारण त्याचा वेळ विचारात नाही, चालण्यात जातो. बदल झपाट्याने होऊ लागले की पारडं फिरतं: तो बुजलेल्या खड्ड्याकडेच चालत राहतो, सावध एजंट मात्र वेळीच दिशा बदलतो.

एजंट हिशेब करत असताना जग थांबत नाही, हे मला इथे सर्वात मोलाचं वाटतं. तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली 'हेतू'ची कल्पना नेमकी इथे उपयोगी पडते. एकदा हेतू पक्का झाला की त्याच्याशी विसंगत पर्याय तोलावेच लागत नाहीत. पावलोपावली फेरविचार केला तर हा फायदाच हातचा जातो.

म्हणून मी ठाम एजंटच बांधेन, पण लक्ष्य नाहीसं होताच फेरविचार करणारा. त्याच प्रयोगात अशा मोजक्या घटनांची दखल घेतल्यावर कामगिरी सुधारली होती.