संभाव्यता फलने आणि आलेख: आरचा आधार घ्यावा की पायथनचा?

संभाव्यता वितरणांची फलने वापरण्यासाठी आणि त्यांचे आलेख काढण्यासाठी आर ही संख्याशास्त्रासाठीची प्रोग्रामिंग भाषा निवडावी की पायथन या भाषेतील सायपाय (गणिती फलनांचा संच) व मॅटप्लॉटलिब (आलेख काढण्याचे साधन) ही जोडी, हा निर्णय मला स्वतःला घ्यावा लागला होता. गणिताच्या अचूकतेत मला दोहोंत फरक जाणवला नाही. तो जाणवला अडल्यावर उघडलेल्या मदतीच्या पानात.

एका कामात मला प्रतीक्षाकाळासाठी घातांकी वितरण हवे होते आणि त्याचा दर ०.५ होता. प्रतीक्षा २ मिनिटांच्या आत संपण्याची संभाव्यता ०.६३२ यायला हवी होती, परंतु सायपायच्या सीडीएफला, म्हणजे संचयी संभाव्यता देणाऱ्या फलनाला, २ आणि ०.५ या किमती ओळीने दिल्यावर ०.७७७ हे उत्तर आले. तेथे दुसरी किंमत दर म्हणून नव्हे, तर ‘लोक’ म्हणजे वितरण किती सरकवायचे म्हणून घेतली जाते, आणि दर सांगायचा असेल तर त्याचा व्यस्त ‘स्केल’ या नावाने द्यावा लागतो. कोणतीही त्रुटी दाखवली गेली नाही. आलेख काढला तेव्हा वक्र शून्याऐवजी ०.५ पासून सुरू झालेला दिसला, म्हणूनच चूक लक्षात आली. मदतीच्या पानावर हा खुलासा आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तो प्रमाणित सूत्रानंतर येतो, आणि घाईत असलेला माणूस सूत्र पाहूनच थांबतो.

आरमध्ये पीएक्स्प या घातांकी वितरणाच्या संचयी फलनाला त्याच दोन किमती त्याच क्रमाने दिल्या की ०.६३२ मिळते, आणि त्याचे पान पहिल्याच वाक्यात दराचा व सरासरीचा संबंध सांगते. घनता, संचयी संभाव्यता, विभाजक मूल्ये (दिलेल्या संचयी संभाव्यतेशी जुळणाऱ्या किमती) आणि यादृच्छिक संख्या यांसाठी डी, पी, क्यू, आर ही फलनांच्या नावांची चार आद्याक्षरे एकदा अंगवळणी पडली की नवे वितरण शिकताना फारसे काही शोधावे लागत नाही, आणि चारही फलनांची माहिती एकाच पानावर मिळते. आरच्या ‘कर्व्ह’ या फलनाला घनताफलन व मर्यादा दिल्या की वक्र तयार होतो, मॅटप्लॉटलिबमध्ये आधी बिंदूंची मालिका स्वतः तयार करावी लागते.

तरीही अक्ष, खुणा आणि अनेक चौकटींची मांडणी बारकाईने जुळवायची असेल तर मॅटप्लॉटलिब मला अधिक सोयीचे वाटते, आणि ज्यांचे उरलेले सगळे काम पायथनमध्येच आहे त्यांनी केवळ यासाठी भाषा बदलावी असा आग्रह मी धरणार नाही. मात्र ज्यांचा बहुतेक वेळ वितरणांशीच जातो, त्यांना आर अधिक सुखाचे जाईल असे माझे मत आहे. पायथनमध्येच राहणाऱ्यांनी प्राचले, म्हणजे वितरण ठरवणाऱ्या किमती, नेहमी नावानिशी द्यावीत. पहिले यश मिळेपर्यंतची मोजणी करणाऱ्या भौमितिक वितरणात तर विशेष सावध राहावे, कारण आर यशापूर्वीची अपयशे ० पासून मोजते, तर सायपाय यशासह सगळे प्रयत्न १ पासून मोजते.