पाकोळ्यांची शिकार ऐकवणारे यंत्र : चार महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्याच्या सुरुवातीला मी हातात मावेल असा एक बॅट डिटेक्टर (वटवाघळांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज ऐकवणारे यंत्र) साडेअकरा हजार रुपयांना ऑनलाइन मागवला आणि ऑगस्टअखेरपर्यंत, आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी, विजापूर रस्त्यावरील धर्मवीर संभाजी तलावाच्या, म्हणजे आम्हा सोलापूरकरांच्या कंबर तलावाच्या काठाने आणि आसपासच्या कडुलिंब-बाभळींच्या कडेने तो घेऊन फिरलो. वटवाघळाची जात ओळखण्यासाठी हे यंत्र घेणाऱ्याची निराशा होईल. परंतु वटवाघूळ कधी, कुठे आणि किती वेळा भक्ष्यावर झडप घालते हे ऐकायचे असेल, तर पैसे वसूल होतात.

माणसाचा कान साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतचाच ध्वनी ऐकतो आणि कीटकभक्षी वटवाघळांचे बहुतेक आवाज त्याच्या वरचे असतात. हे यंत्र हिटरोडाइन पद्धतीचे आहे. तबकडी फिरवून आपण एक कंप्रता (फ्रिक्वेन्सी) निवडायची, की वटवाघळाचा आवाज आणि ही कंप्रता यांच्यातील फरक आपल्याला ऐकू येईल अशा आवाजात बाहेर पडतो. तबकडी 45 किलोहर्ट्झच्या आसपास ठेवली की, तलावाच्या कडेला घिरट्या घालणाऱ्या, जेमतेम काही ग्रॅम वजनाच्या पाकोळ्यांचे ओले, टप्‌टप्‌ असे ठोके स्पष्ट येतात. (आपल्याकडे पाकोळी हा शब्द लहान वटवाघळाला, पंखाच्या किड्याला आणि एका पक्ष्यालाही चालतो, त्यामुळे सोबतच्या मंडळींना दर वेळी खुलासा करावा लागला.)

खरी मौज पुढे आहे. भक्ष्य शोधत उडताना हे ठोके सेकंदाला दहाबाराच असतात. किडा सापडताच ते दाट होत जातात आणि झडपेच्या अखेरच्या क्षणी सेकंदाला दीडशे-दोनशेपर्यंत पोहोचून कापड टरकावल्यासारखी एकच घरघर ऐकू येते. डोळ्यांना अंधारात केवळ एक गिरकी दिसते, कानाला मात्र पूर्ण शिकार कळते. जूनमध्ये वळवाचा दमदार पाऊस झाल्यानंतरच्या संध्याकाळी मी कडुलिंबाखाली उभा होतो. हुमणीचे (उसाची मुळे खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे अशाच पावसानंतर जमिनीतून बाहेर पडून कडुलिंब-बाभळीवर पाला खायला जमतात, हे आपल्या ऊसवाल्यांना सांगायला नको. त्या संध्याकाळी अर्ध्या तासात मी 31 घरघरी मोजल्या. त्याच झाडाखाली, कोरड्या मे महिन्यात, तेवढ्याच वेळात चारपाचच ऐकल्या होत्या. स्कोटोफायलस हीथी हे पिवळसर पोटाचे वटवाघूळ प्रामुख्याने भुंगेरे खाते. पण मी ऐकलेली शिकार त्याचीच होती, किंवा तोंडात भुंगेराच गेला, हे यंत्र सांगू शकत नाही. आहार जाणून घ्यायचा तर विष्ठेतील पंख-पायांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात किंवा तिच्यातील डीएनए तपासावा लागतो.

दुसरी मर्यादा दाट झाडीत जाणवते. मोकळ्या आकाशात भक्ष्य धरणाऱ्या लांब, अरुंद पंखांच्या वटवाघळांचे आवाज मोठे असतात व दुरून येतात. झाडीच्या कडेने फिरणाऱ्यांचे त्यापेक्षा कमी अंतरावरून. पण रुंद पंखांनी सावकाश उडत पानावरचा किंवा जमिनीवरचा किडा उचलणाऱ्यांचा आवाज इतका हलका असतो की काही मीटरांपलीकडे यंत्र मुकेच राहते. जुन्या विहिरींत व भुयारांत राहणारे मेगाडर्मा लायरा हे वटवाघूळ तर कित्येकदा भक्ष्याच्याच सळसळीचा कानोसा घेऊन ते पकडते. अशा शिकाऱ्याची खूण शोधायची तर त्याच्या ठरलेल्या बैठकीखाली पडलेले पतंगांचे पंख आणि टोळांचे पाय पाहणेच बरे. अनेक पतंगांना वटवाघळांचे आवाज ऐकू येतात आणि ते उडता उडता पंख मिटून खाली पडतात, हा प्रकार मात्र दिव्याखाली मी यंत्र कानाशी धरून दोनदा पाहिला.

तक्रारी दोन-तीन आहेत. सोबतच्या इंग्रजी पत्रकातील कंप्रतांचा तक्ता युरोपातील जातींचा असल्याने सोलापुरात निरुपयोगी आहे. रातकिडे, किल्ल्यांचा खुळखुळाट आणि वाळलेल्या पाल्यावरची पावले यांतही श्राव्यातीत (कानाच्या मर्यादेपलीकडचा) ध्वनी असल्यामुळे पावसाळ्यात, विशेषतः 20 ते 25 च्या पट्ट्यात, किरकिर असह्य होते. तबकडी वर नेली की ती कमी होते. बॅटरीचे झाकण तिसऱ्याच आठवड्यात सैल झाले, विक्रेत्याला पाठवलेल्या दोन पत्रांना उत्तर आले नाही आणि ते मी सध्या सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधले आहे. ध्वनिमुद्रण करून पुढे संगणकावर आलेख पाहायचा असेल, तर पूर्ण पट्टा टिपणारे महागडे यंत्रच घ्यावे. हे घेतले, तर मे महिना न दवडता आधीच घ्यावे, कारण कान तयार व्हायला पंधरा दिवस लागतात आणि वळवाचा पाऊस कोणासाठी थांबत नाही.