प्रवासलेखक होण्यासाठी मी भरलेले २०,५८० रुपये

मी कुडाळची. बाबा एसटीत कंडक्टर होते. मे महिन्याच्या सुट्टीत मालवण, वेंगुर्ला, देवगडच्या गाड्यांतून त्यांच्यासोबत मी पुष्कळ हिंडले आहे. लिहायची हौस तिथलीच. पुढे पतपेढीत नोकरी करताना दोन-तीन दिवाळी अंकांत लेखही छापून आले. त्यामुळे गेल्या वर्षी मोबाइलवर ‘फिरा, लिहा, कमवा’ अशी जाहिरात आली तेव्हा ती माझ्यासाठीच आहे असं मला अगदी मनापासून वाटलं. त्या संस्थेचं नाव मी इथे लिहीत नाही, पोलिसांकडे तक्रार दिलेली आहे. शिवाय नाव बदलायला कितीसा वेळ लागतो? म्हणून त्यांची रीतच नीट सांगते.

सहा आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग, फी १२,५००. वर्ग संपला की तीन लेखांचं काम नक्की, प्रत्येक लेखाला २,००० रुपये मानधन. फोनवरच्या बाई फार गोड बोलायच्या. माझे दिवाळी अंकांतले लेख त्यांनी मागवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ‘ताई, तुमच्यासारखी माणसं आम्हाला हवीच होती’ म्हणाल्या. त्या एका वाक्यावर मी विरघळले. पैसे एका खासगी माणसाच्या खात्यावर मागितले, संस्थेच्या नव्हे. तेव्हाच थांबायला हवं होतं.

शिकवणं कसं होतं ते सांगते, कारण खरी खूण तिथेच होती. दुसऱ्या रविवारी ‘आदर्श लेख’ म्हणून एक नमुना वाचायला दिला. लेखक जुलैतल्या मुसळधार पावसात मालवणच्या जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जातो आणि परत येऊन नुकत्याच समुद्रातून आलेल्या ताज्या सुरमईवर ताव मारतो. आता आपल्या किनाऱ्यावरच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे की पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. लेखक मालवणला आलेलाच नव्हता. हे मला वाचता क्षणी कळलं आणि तरीही मी वर्गात तोंड उघडलं नाही. एवढे मोठे लोक शिकवतायत, आपण चुका कशाला काढा, असं वाटलं. त्या गप्प बसण्याची मला पैशांपेक्षा जास्त टोचणी आहे. प्रवासलेखन शिकवणाऱ्याला त्या गावचा हंगाम ठाऊक नसेल, तर त्याच्याकडे शिकवण्यासारखं काही नाही.

वर्ग संपल्यावर कामाऐवजी नवे खर्च निघाले. गळ्यात अडकवायचं ‘प्रवास प्रतिनिधी’ ओळखपत्र ३,००० रुपये. माझे लेख ठेवायला वेबसाइट ४,०००. ओळखपत्रावर अशोकस्तंभासारखं दिसणारं चिन्ह आणि ठळक अक्षरांत ‘प्रेस’. पत्रकारांची अधिस्वीकृती, म्हणजे अधिकृत मान्यता, सरकार देतं, तीही कामाचा अनुभव आणि कागदपत्रं तपासून. फी भरली की घरपोच येणाऱ्या कार्डाला कवडीची किंमत नसते. पण तेव्हा ते हातात आलं तर मी देव्हाऱ्यापुढे ठेवलं होतं.

मग पहिली ‘मूल्यांकन भेट’ आली: देवबागला एका घरगुती निवासात दोन रात्री राहायचं, कार्ड दाखवायचं, पैसे द्यायचे नाहीत, बदल्यात लेख लिहायचा. मालकांशी आमचं बोलणं झालंय, असं सांगितलं होतं.

दिवाळीनंतरचे दिवस होते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या माडांच्या चिंचोळ्या पट्टीत ते घर. घर चालवणाऱ्या काकूंनी सोलकढी दिली, तळलेले बांगडे वाढले. जेवण झाल्यावर मी कार्ड पुढे केलं. काकूंनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि तसंच परत दिलं. म्हणाल्या, “बाय, असली कारडां घेवन ह्या मयन्यात तिगा जणां येवन गेली. खावन-जेवन गेली. पन खंयच काय छापून येवक नाय.” आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. त्यांच्याशी कोणाचं बोलणं झालेलं नव्हतं. फक्त ‘पेपरवाली माणसं, वाईट लिहितील’ या धाकाने त्या प्रत्येकाला ठेवून घेत होत्या. मी खोलीचे पैसे देऊ लागले तर त्यांनी घेतले नाहीत. दुसऱ्या रात्रीला न थांबता मी पहिल्या गाडीने घरी आले.

एवढं होऊनही मी त्या लोकांना सोडलं नाही, हे लिहिताना मान खाली जाते. माझे तीन लेख देऊन झाले होते, त्यांचे ६,००० रुपये येणं होतं. त्यातला एक लेख मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या कातळशिल्पांवर, म्हणजे सड्यावरच्या उघड्या खडकात कोरलेल्या जुन्या आकृत्यांवर होता. त्यासाठी मी दोनदा पहाटे सड्यावर गेले होते, कारण ऊन तिरकं असतानाच त्या रेषा उठून दिसतात. डोक्यावर सूर्य आला की नुसता जांभा दिसतो. डिसेंबरात निरोप आला: मानधन मंजूर, पण आधी १८ टक्के जीएसटी म्हणजे १,०८० रुपये भरा. मी भरले. लगेच ‘फाइल चार्ज’ मागितला, तेव्हा कुठे डोळे उघडले. मानधन मिळवण्यासाठी लेखकाने कोणाला आधी जीएसटी पाठवायचा नसतो. आणि सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीचीही गरज पडत नाही. हे मी पतपेढीतल्या सीएंना आधी विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

लेख कुठे गेले ते शोधायला मी कुडोपीच्या लेखातलं एक वाक्य जसंच्या तसं इंटरनेटवर टाकलं. एका रिसॉर्टच्या जाहिरातीच्या पानावर पूर्ण लेख निघाला, माझं नाव नाही. व्यवस्थापकांना फोन केला. ते चकितच झाले, त्यांनी हे लेख पैसे मोजून विकत घेतले होते. म्हणजे शिकणाऱ्याकडून फी, काकूंकडून फुकट जेवणखाण आणि रिसॉर्टकडून लेखांचे पैसे, असा सगळा धंदा. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याच्या लेखाचा पहिला मालक तो स्वतः असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार आणि सही लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. मी कुठेच सही केली नव्हती. तसं पत्र दिल्यावर रिसॉर्टने लेख काढून टाकला.

पैसे मात्र गेले. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे; तिथे तासाभरात कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता असते. मी लाजेपायी महिनाभर घरातही बोलले नाही. तुम्ही तसं करू नका, त्याच दिवशी फोन लावा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मला हेही कळलं की ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात तक्रारीची फी नाही.

आणि ज्यांना खरंच लिहायचंय त्यांच्यासाठी: ओळखीतल्या संपादकाला आधी चार ओळींत विषय कळवा, लेख पाठवा, छापून आला की मानधन येतं. थोडं येतं, उशिरा येतं, पण येतं तिकडून तुमच्याकडे. माझा कुडोपीचा लेख पुढे एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत नावानिशी आला. छापण्याआधी एक रुपयाही कोणी मागितला नाही.

फेब्रुवारीत मी पुन्हा देवबागला गेले, एका रात्रीचे आणि जेवणाचे पैसे घेऊन. काकूंनी या वेळी घेतले. मग आतून पाहुण्यांची वही आणली आणि कार्ड दाखवून राहून गेलेल्यांच्या नोंदी बोटाने दाखवत गेल्या. माझ्यासकट सात जण. त्यांच्या परवानगीने मी एकेकाला फोन लावला. दोघींनी उचलला. एक सावंतवाडीची, एक राजापूरची. दोघींनीही तेवढीच फी भरलेली, दोघींचेही लेख गेलेले. आता तिघींच्या तक्रारी एकत्र दिल्या आहेत. तुमच्याकडे असं कार्ड असेल तर फेकू नका, पैसे भरल्याच्या पावत्या आणि मेसेज पुसू नका, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तुमचीही तक्रार नोंदवा.