पंचेचाळिशीच्या पुढच्या पुरुषांनी नक्की यावं, पण सकाळीच (४ स्टार)

कोथरूडमध्ये जिम कमी नाहीत, रिव्ह्यूही भरपूर आहेत, पण सगळे पंचविशीतल्या पोरांनी लिहिलेले, म्हणून म्हटलं या जिमबद्दल आपल्या वयाच्या हिशोबाने कोणीतरी लिहावं.

हातपाय काड्या आणि पोट पुढे, असे आपण लोक खूप आहोत. वजनकाट्यावर सगळं नॉर्मल दिसतं म्हणून निवांत असतो. आपल्या पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांचा २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आलेला फोटो बघा कधीतरी, शेजारी लंडनचे डॉ. युडकिन उभे आहेत, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सेम २२.३, पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! आपलं तेच आहे, वजन जास्त नाही, मसल कमी आहे, आणि तिशीनंतर तो दर वर्षी थोडा थोडा घटतच जातो. जेवणानंतरची रक्तातली साखर सगळ्यात जास्त ओढून घेतो तो हाच मसल, त्यामुळे तो गेला की पुढे काय होतं ते आपल्या प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी भोगतंय. रोज टेकडी चढणारे माझे मित्र म्हणतात आम्हाला कशाला जिम, टेकडी चांगलीच आहे हो, हृदयाला, दमाला, पण पाठ, खांदे, छाती याला टेकडी काय करणार.

आता जिमबद्दल. तळघरात आहे, चकाचक नाही, एसी नावापुरता. पण इथे बारला लावायच्या सव्वा किलोच्या प्लेट्स (वजनाच्या चकत्या) आहेत आणि भरपूर आहेत. हसू नका, आपल्या वयात जिम बघायला गेलात की ट्रेडमिल किती ते मोजू नका, सगळ्यात छोटी प्लेट कुठली ते विचारा. नुसता बार २० किलोचा असतो, दोन्ही बाजूंना पाच पाच किलोच्या लावल्या की एकदम ३०, पोरांना चालतं, आपल्या कंबरेला नाही. सव्वाच्या दोन लावल्या की अडीच किलोच वाढतात, मसल तेवढ्यानेही वाढतो आणि सांधे, स्नायूबंध यांना सवय व्हायला वेळ मिळतो, ते मसलपेक्षा हळू तयार होतात. बारही जड वाटत असेल तर आधी डंबेल देतात.

सकाळचा ट्रेनर हिरा आहे. पहिल्या दिवशी बीपी, शुगर, गुडघे, जुनं दुखणं सगळं विचारून घेतलं, बीपीची गोळी चालू म्हटल्यावर वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, उचलताना सोडायचा हे इतक्या वेळा बजावलं की आता घरी सिलिंडर उचलतानाही तेच होतं. आठवड्यात दोन-तीन दिवसच बोलावतो, डब्ल्यूएचओसुद्धा किमान दोनच सांगते, मध्ये आराम. स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), रो (वजन अंगाकडे ओढणं), प्रेस (वजन ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) एवढंच, बायसेप्सचे लाड नाहीत. पावडर गळ्यात मारत नाही, रोजची डाळ, अंडी, पनीर किती ते विचारतो. फक्त ‘काका’ म्हणतो, ते सोडा. वर्ष होत आलं, वजन जवळपास तेवढंच आहे पण पँटला पट्टा लागायला लागलाय आणि गावाला जाताना बॅग वरच्या बर्थवर टाकायला कोणाला हाक मारावी लागत नाही.

एक स्टार कापला तो संध्याकाळच्या बॅचचा. गर्दी, कानठळ्या बसवणारी गाणी, बार ठेवायच्या रॅकवर बसून रील बघणारी पोरं, आणि तेव्हाचा ट्रेनर स्वतःच फोनवर, फॉर्म (उचलायची पद्धत) चुकला तरी बघत नाही. डेडलिफ्टला पाठ वाकवून उचलणारे दिसतात तिथे, बघवत नाही. शिवाय काउंटरवाला वर्षाचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागतो, डिस्काउंटला भुलू नका, आधी तीन महिन्यांचं घ्या.

बूट वेगळे आणावे लागतात, पार्किंग सातनंतर मिळत नाही, रविवारी बंद.