कोइमतूर ते विटा: गरोदरपणात फोन किती कामाला आला? १४ महिन्यांचा अनुभव

लेकाच्या बोरन्हाणासाठी विट्याला (सांगली जिल्हा) माहेरी आलेय. त्याला घ्यायला माणसं आहेत, हात मोकळे आहेत, म्हणून लिहून टाकते.

आमचं घर गलाईवाल्यांचं. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली, तसे आम्ही कोइमतूरला. खाली दुकान आणि भट्टी, वर दोन खोल्या. सासूबाई गावी, आजूबाजूला सगळं तमिळ. दिवस राहिले तेव्हा विचारायला जवळ कुणी नव्हतं. फोन होता.

पहिल्यांदा किलकारी. ही सरकारची मोफत सेवा, देशात २०१६ पासून आहे, महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक रेकॉर्ड केलेला कॉल, एकूण ७२. नेट लागत नाही, साधा फोनही चालतो. दिवाळीला गावी आले होते तेव्हा आरोग्य उपकेंद्रात नाव घातलेलं, त्यामुळे कोइमतूरला बसून मला मराठीत कॉल. त्या पत्त्यावर आठवड्यातून एकदा कुणीतरी बाई मराठीत माझ्याबद्दल बोलतेय, याचंच मला अप्रूप होतं. बोलणाऱ्या डॉक्टर अनिता हे नुसतं पात्र आहे हे कळल्यावर जरा वाईटच वाटलं.

पण सुरुवातीला घोळ आम्हीच घातला. नोंदणीला नंबर दिला ह्यांचा. पहिले चार कॉल ह्यांनी भट्टीपुढं उभं राहून ऐकले, आणि रात्री जेवताना मला निरोप: "कुणीतरी बाई म्हणत होती, लोहाच्या गोळ्या चुकवू नको." बाकीचं विसरलेले. शेवटी आशाताईंना फोन करून माझा नंबर घालून घेतला. हुकलेला कॉल १४४२३ ला लावून ऐकता येतो, तेही त्यांनीच सांगितलं.

रेकॉर्डला उलटा प्रश्न मात्र विचारता येत नाही. आमच्या कामात तेजाब, म्हणजे ॲसिड असतं, त्याचा तांबूस धूर जिन्यानं वर यायचा. तो मला सोसंल का, हे कुणाला विचारायचं? आई विट्यात तिच्या बीपीच्या गोळ्यांसाठी डॉक्टरीणबाईंकडं गेली, तिथून व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सरळ त्यांच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "आधी तिथून हल." आठ दिवसांत आम्ही दोन गल्ल्या सोडून खोली घेतली. अख्ख्या १४ महिन्यांत फोनचं सगळ्यात मोठं काम हेच.

भाषांतराच्या ॲपवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. पाचव्या महिन्यात दवाखान्यात मी ॲपमध्ये मराठीत बोलले, "पोटात कळ येतेय." नर्स माझ्याकडं बघतच राहिली. घरी येऊन तेच वाक्य उलटं फिरवून बघितलं, तर माझ्या पोटात बटण येत होतं! तेव्हा हसले, पण दवाखान्यात रडायची वेळ आली होती. मग खालच्या अक्कांनी एक शब्द शिकवला: वली. म्हणजे दुखणं. पुढं तेवढ्यावर भागलं. छापील कागद वाचायला मात्र ॲप चांगलं. गोळ्यांच्या चिठ्ठ्या मी कॅमेऱ्यानंच वाचायचे.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला विट्याला आले ती बाळंतीण होऊनच उठले. इथं फोन कशाला लागतोय, असं वाटलं होतं. पण माझी आजी मधाचं बोट घेऊन तयार! आईचंही, "आम्ही सगळ्या त्याच्यावरच वाढलो." सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे मी सांगून कोण ऐकतंय? त्या आठवड्याचा कॉल स्पीकरवर लावला. आजीनं शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "ही बाई कुठली?" मी म्हटलं, सरकारची. मध परत कपाटात गेला. (चौथ्या दिवशी पुन्हा निघाला होता, ती गोष्ट वेगळी.)

लसींचं सोपं केलं: माता-बाल संरक्षण कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो. सहा आणि दहा आठवड्यांच्या लसी विट्यात झाल्या, चौदाची कोइमतूरला. तिथल्या नर्सला मराठी येत नव्हतं, पण तारखा बघून तिनं बरोबर पुढची लस दिली. मूळ कार्ड तेव्हा गावीच, आईच्या ट्रंकेत राहिलं होतं!

ज्या परमुलखात आहेत त्यांना एवढंच सांगेन, नोंदणीला स्वतःचा नंबर द्या, घरातला एकच फोन असला तर कॉलच्या वेळी तो आपल्या हातात ठेवा. आता नऊ महिने भरल्यावरची गोवर-रुबेलाची लस तिकडंच घ्यायचीय. या खेपेला कार्ड पिशवीत घातलंय, आणि फोटो तिघांच्या फोनमध्ये आहेत.