लडलो: बाजाराचा दिवस बघूनच जा

वेल्सच्या सीमेलगत, इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातलं लडलो हे एका दिवसात पायी बघून होणारं गाव आहे. फक्त तो दिवस सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा शनिवार असावा, कारण किल्ल्याच्या दारासमोरच्या कॅसल स्क्वेअरमध्ये नेहमीचा बाजार या चार दिवशी भरतो. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी आसपासच्या शेतकऱ्यांचा आणि खाद्यपदार्थ करणाऱ्यांचा बाजार असतो. खाण्याची आवड असेल तर नेहमीच्या बाजारापेक्षा हा गुरुवार सरस. पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी जुन्या वस्तूंचे स्टॉल लागतात. मंगळवारी मात्र चौक रिकामा असतो, आणि रिकाम्या चौकात लडलो अर्धंच कळतं.

बाजाराचा एवढा आग्रह अशासाठी, की या गावाची आखणीच बाजारासाठी झाली. अकराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मन सरदार द लेसी घराण्याने टीम नदीवरच्या कड्यावर किल्ला बांधायला घेतला. पुढे किल्ल्याच्या दारापासून पूर्वेला बुल रिंगपर्यंत एक सलग, भलारुंद बाजाररस्ता आखला गेला. त्याच्या मधोमध विक्रेत्यांच्या तात्पुरत्या रांगा लागायच्या. हळूहळू त्या रांगा पक्क्या झाल्या, त्यांच्यावर मजले चढले आणि रुंद रस्त्याच्या चिंचोळ्या गल्ल्या झाल्या. हार्प लेन आणि चर्च स्ट्रीटमधून जाताना एवढं लक्षात ठेवा: दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या जागी एकेकाळी बाजाराच्या टपऱ्या होत्या. आजचा मोकळा चौकही अलीकडचा आहे. त्याच्या मध्यभागी 1887 साली बांधलेलं टाउन हॉल होतं, ते 1986 मध्ये पाडलं.

बाजारात सकाळी साडेदहाच्या आत पोहोचा. दुपारी दोननंतर, विशेषतः पावसाळी दिवशी, विक्रेते आवराआवर करायला लागतात. बहुतेक स्टॉलवर कार्ड चालतं, तरी दहा-वीस पौंड सुटे जवळ असू द्या. मांसाहारी असाल तर श्रॉपशर फिजेट पाय चुकवू नका. खारवलेलं डुकराचं मांस, सफरचंद, कांदा आणि बटाटा असं त्याचं सारण असतं, आणि सफरचंदाच्या आंबटगोड चवीमुळे तो नुसत्या पोर्क पायसारखा जड वाटत नाही. शाकाहारी असाल तर पायबद्दल विचारून घ्या. सारण भाजीचं असलं तरी पारीत डुकराची चरबी असू शकते. चीजमध्येही जनावराचं रेनेट, म्हणजे दूध गोठवण्यासाठी वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, असू शकतं, तेव्हा वेष्टनावर 'शाकाहारींसाठी योग्य' असं लिहिलेलं शोधा. नारिंगी रंगाचं, निळ्या शिरांचं श्रॉपशर ब्लू चीज जरूर घ्या, पण ते इथली जुनी परंपरा म्हणून घेऊ नका. ते पहिल्यांदा 1970 च्या दशकात स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसला तयार झालं. नाव तेवढं श्रॉपशरचं. चव मात्र उत्तम.

यायला रेल्वे सर्वांत सोयीची. लडलो हे श्रूजबरी आणि हेरफर्ड यांच्या मधलं स्टेशन आहे आणि दोन्हीकडून साधारण अर्ध्या तासात पोहोचता येतं. लंडनहून क्रू किंवा न्यूपोर्टला गाडी बदलावी लागते आणि तीन ते साडेतीन तास लागतात, त्यामुळे लंडनहून सकाळी येऊन संध्याकाळी परतण्याचा बेत धावपळीचा होतो. श्रूजबरीला मुक्काम ठेवून येणं अधिक बरं. रविवारी गाड्या कमी असतात आणि सकाळी उशिरा सुरू होतात. स्टेशनवर सामान ठेवायची सोय नाही. चाकांची मोठी बॅग घेऊन या गावात उतरू नका, कारण पुढे सगळा चढ-उतार आणि दगडी फरसबंदी आहे. गाडीने येणाऱ्यांसाठी कॅसल स्ट्रीटचं पार्किंग चौकाला अगदी लागून आहे, पण बाजाराच्या दिवशी ते लवकर भरतं. सोमवार ते शनिवार ए49 महामार्गाजवळच्या पार्क अँड राइडला गाडी लावून बसने वर येणं डोक्याला शांत.

स्टेशनपासून चौक चालत दहा मिनिटांवर आहे. वाटेत बुल रिंगला फेदर्स हॉटेलचा 1619 सालचा दर्शनी भाग लागतो. काळ्या लाकडी चौकटीत कोरलेल्या नक्षीची एवढी दाटी क्वचितच बघायला मिळते. तो समोरच्या फुटपाथवरून बघा; खालून मान वर करून बघितलं तर वरच्या मजल्यांचं कोरीवकाम दिसतच नाही.

किल्ल्याचं तिकीट दारातल्या दुकानातच मिळतं. किल्ला पॉविसच्या अर्लच्या मालकीचा आहे, त्यामुळे इंग्लिश हेरिटेज किंवा नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं सांभाळणाऱ्या संस्थांचं सदस्यत्व इथे चालत नाही. हिवाळ्यात वेळा कमी होतात आणि आवारात लग्नसमारंभही होतात, म्हणून आदल्या दिवशी संकेतस्थळ बघा. दीड तास हाताशी ठेवा. बाहेरचं प्रांगण म्हणजे मोठं हिरवळीचं मैदान. खरा ऐवज खंदकावरच्या पुलापलीकडे आहे. आत शिरताच गोल चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर, दिसतं. बाराव्या शतकातलं, आता बिनछपराचं, पण आतल्या भिंतीवर फिरणारी कमानींची रांग शाबूत. इंग्लंडमध्ये अशा गोल वास्तू मोजक्याच उरल्या आहेत, आणि लोक बुरुजाच्या ओढीने इथून भराभर पुढे जातात, याचं खरंच वाईट वाटतं. दहा मिनिटं आत उभे राहा.

मागच्या बाजूला, उत्तरेकडे, राहत्या दालनांचे अवशेष आहेत. इंग्लंडचा राजा सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर आपली नवी नवरी कॅथरीन ऑफ अ‍ॅरगॉन हिला घेऊन या किल्ल्यात राहायला आला आणि 2 एप्रिल 1502 रोजी, अवघ्या पंधराव्या वर्षी, इथेच वारला. पुढे ती त्याच्या धाकट्या भावाशी, आठव्या हेन्रीशी, लग्न करून राणी झाली. त्या लग्नातून सुटण्यासाठी हेन्रीने रोमच्या पोपशी नातं तोडलं. वेल्स आणि सीमाभागाचा कारभार बघणारं मंडळ इथूनच चालायचं. 1689 मध्ये ते बरखास्त झालं आणि किल्ल्याची देखभाल सुटली. आज भिंती आहेत, शेकोट्यांचे कोनाडे आहेत, पण तक्तपोशी नाही, ती यामुळे. माहितीफलक थोडे आहेत, तेव्हा दुकानातली माहितीपुस्तिका घ्या. तिच्याशिवाय कोणतं दालन कुठलं हे कळत नाही. मोठ्या बुरुजावरून गाव आणि टेकड्या दोन्ही दिसतात, पण गोल जिना अरुंद आहे आणि पायऱ्या झिजलेल्या. उतरणाऱ्याला आधी वाट द्यावी लागते. पाऊस पडून गेला असेल आणि बुटांचे तळवे गुळगुळीत असतील तर बुरुज सोडून द्या.

सेंट लॉरेन्स चर्चला प्रवेशशुल्क नाही. दानपेटीत यथाशक्ती टाका. बरेच प्रवासी खिडक्या बघून बाहेर पडतात. तुम्ही थेट गायकवृंदाच्या आसनांकडे जा. इथे 28 मिझरिकॉर्ड आहेत, म्हणजे उचलून उभ्या करायच्या आसनांच्या खालच्या बाजूला कोरलेल्या छोट्या फळ्या. लांबलचक प्रार्थनांमध्ये उभ्या असलेल्या मंडळींना तेवढाच टेकू. पंधराव्या शतकातल्या कारागिरांनी त्यांवर धर्माबरोबर बाजारही कोरला. मापात पाप करणाऱ्या दारूवालीला सैतान नरकात घेऊन चालला आहे, आणि बिशपचा वेश घातलेला कोल्हा प्रवचन देतो आहे. लाकूड काळपट आणि उजेड कमी, म्हणून मोबाइलचा दिवा लागतो. आधी विचारून घ्या आणि कोरीवकामाला हात लावू नका. मनोऱ्याच्या पायऱ्या सुमारे 200 आहेत. किल्ल्याचा बुरुज चढून आला असाल तर हा सोडलात तरी चालेल. दोन्हीपैकी एकच जमणार असेल तर हा निवडा, कारण बाजाररस्त्याची मूळ आखणी इथून जास्त स्पष्ट दिसते.

जेवण दीडच्या आत उरका. पबची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात, ती संध्याकाळी सहाच्या आसपास उघडतात. चहाची दुकानंही चार वाजता खुर्च्या आत घेऊ लागतात. बटरक्रॉस या जुन्या बाजार-इमारतीतलं छोटं संग्रहालय आठवड्यातून मोजकेच दिवस उघडं असतं. त्याच्यासाठी दिवसाचा बेत बदलू नका.

बटरक्रॉसपासून नदीकडे उतरणारा ब्रॉड स्ट्रीट घाई न करता चाला. विटांचे नीटस जॉर्जियन दर्शनी भाग बघून घरं अठराव्या शतकातली वाटतात, पण त्यांतल्या कित्येकांच्या मागे जुन्या लाकडी चौकटी आहेत. श्रीमंती आली तशी लोकांनी नवी तोंडं बसवून घेतली. तळाशी ब्रॉडगेट आहे. गावाच्या तटाला सात दरवाजे होते, त्यांतला एवढाच उभा राहिला आणि त्याच्यावर घर आहे. कमानीखालून मोटारी जातात आणि फुटपाथ बेताचा आहे, तेव्हा फोटोसाठी रस्त्यात उभे राहू नका.

पुढे लडफर्ड पूल ओलांडला की लगेच कोपऱ्यावर खडकाचे थर उघडे दिसतात. सिल्युरियन काळाच्या शेवटाचे, म्हणजे सुमारे 42 कोटी वर्षांपूर्वीचे, हे थर, त्यांतल्या माशांच्या अवशेषांच्या पट्ट्यासह, भूगर्भशास्त्रात जगभर ओळखले जातात. हातोडी चालवायला आणि तुकडे काढायला बंदी आहे. इथून नदीकाठाने ब्रेडवॉक नावाची पायवाट डिनम पुलापर्यंत जाते. पाऊस झाल्यावर ती चिखलाची होते. बूट तसे हवेत. वाटेत वर व्हिटक्लिफच्या माळाकडे चढा. किल्ला, चर्चचा मनोरा आणि मधली छपरं एका नजरेत दिसतात ती इथूनच. उन्हाळ्यात दुपार कलल्यावर पश्चिमेचा उजेड किल्ल्याच्या भिंतींवर येतो, सकाळी त्या सावलीत असतात. डिनम पुलावरून परत चौकात यायचा चढ छोटा पण तीव्र आहे. ब्रॉड स्ट्रीटपासून हा सगळा फेरा दीड तासात होतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर व्हिटक्लिफ वगळून नदीकाठानेच या.

दुसरा दिवस मोकळा असेल तर रेल्वेने उत्तरेकडच्या पुढच्याच स्टेशनवर, क्रेव्हन आर्म्सला उतरा. तिथून साधारण दीड किलोमीटरवर स्टोकसे कॅसल आहे. लॉरेन्स ऑफ लडलो या लोकर-व्यापाऱ्याने तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं ते तटबंदीचं घर. त्याच्या महालाचं छप्पर अजून शाबूत आहे. आणि इंग्लिश हेरिटेजचं कार्ड इथे चालतं.